आधी पाणी, मग कात्री

पूनमने मोबाइल सासूच्या, इंदूताईंच्या, तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "आईजी, आपलं नाव गेलं."

मोबाइलवर पांढरं पान होतं आणि दोन ओळी इंग्रजी. रोज तिथे कुंची घातलेल्या बाळाचा फोटो असायचा आणि खाली आमची झबली, टोपडी, दुपटी. ते सगळं कोणी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारखं झालं होतं. हसीनाने मशीन थांबवलं. मी दुपट्याला धावदोरा घालत होते, सुई कापडात तशीच राहिली. काही दिवस ऑर्डर आलेली नाही हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. पितृपक्ष चालू होता, म्हणून आम्ही त्याच्यावर ढकललं होतं. पोरं काय पितृपक्ष बघून जन्माला येतात? पण आम्ही तसंच धरून चाललो होतो.

इंदूताईंनी फडताळातून एक कागद काढला, त्याच्यावरच्या नंबरला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. त्यांची तीच रीत होती. म्हणायच्या, चोरून बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, तोंडात साखर घोळवल्यासारखा. मॅडम, तुमच्या नावावर दुसऱ्या एका पार्टीचा डोळा आहे. आज चारच्या आत पैसे भरा, नाही तर नाव त्यांना जाईल. मग 'कुंचीघर' म्हणून दुसरंच कोणी दुकान मांडेल आणि तुम्ही बघत बसाल. त्याने रक्कम सांगितली तेव्हा हसीनाने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात आमच्या दोघींच्या घरचा महिना निघाला असता.

इंदूताईंचा हात पर्सवर गेला. आयुष्यभर त्या हाताला एकच वळण होतं, कोणी पैसे मागितले की द्यायचे आणि मोकळं व्हायचं. हात पर्सवर आणि नजर कोपऱ्यातल्या टबाकडे. टबात सांगानेरहून आलेलं मलमल भिजत होतं.

"भैया," त्या म्हणाल्या, "पहले पानी, फिर कैंची."

तो म्हणाला, जी मॅडम?

इंदूताईंनी फोन बंद केला.

ही बाई कोण, ते सांगायला हवं. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे सजवून सांगायला मला येत नाही. आमचे मालक विमा कंपनीच्या साहेबांच्या गाडीवर होते. साहेबांबरोबर जयपूरला आलो, साहेब बदलून गेले, आम्ही राहिलो. मालक वारल्यावर मी इथल्याच सोडाला भागात इंदूताईंच्या खोलीवर हातशिलाईला जायला लागले. इंदूताई कऱ्हाडकडच्या. नवरा बँकेत अधिकारी, निवृत्त होऊन इथेच घर बांधलं आणि घरात फार दिवस राहिला नाही. त्याच्यामागे बाईंनी पुढच्या खोलीत दोन मशिनं टाकली आणि बाळाचे कपडे शिवायला सुरुवात केली.

त्या मला फार आवडायच्या असं नाही. बोलणं तिखट. माझा टाका लांब पडला की सगळ्यांसमोर म्हणायच्या, "चंद्राबाई, हे दुपटं आहे, धान्याचं पोतं नाही." चहा मोजून अर्धा कप. पण मजुरी कधी मागावी लागली नाही आणि दुसऱ्यासमोर कधी खोटं बोलल्या नाहीत. तेवढं पुरे होतं. माणूस आवडलंच पाहिजे असं कुठे आहे?

अंगाने उंच, पायात पुरुषी चपला, कारण बायकी चपलेत त्यांचा पाय मावत नसे. बोलायच्या मराठीत. समोरचा कोणीही असो, पहिलं वाक्य मराठी. त्याला नाहीच कळलं, तर मग हिंदी, तीही मराठीच्या वळणाची. गल्लीतल्या भाजीवाल्याला त्यांनी इतकी वर्षं "महाग लावतोस" म्हणून झापलं की आता तोच हाका मारतो, ताई, आज कोथिंबीर महाग आहे. सून राजस्थानी, झुंझुनूची. मुलाने आपली आपण पसंत केली. लोकांना वाटलं, इंदूताई घर डोक्यावर घेतील. त्यांनी सुनेला एवढंच विचारलं, हाताने काम करशील का? पूनम म्हणाली, मोबाइलचं करीन. ती सासूला आई म्हणायला शिकली, पण पुढचं 'जी' काही सुटलं नाही. इंदूताईही कधी सुधारायला गेल्या नाहीत.

मोबाइलवरचं दुकान पूनमनेच उघडलं. त्याच्या आधी आमचं गिऱ्हाईक म्हणजे वैशाली नगरची चार मराठी घरं. नंतर इंदूर, हैदराबाद, दिल्ली, जिथे मराठी माणूस तिथून ऑर्डर. परगावी राहणाऱ्यांना कुंची कुठे मिळणार? आणि आजी झालेल्या बाईला बारशाला कुंची हवीच असते.

बारशामुळेच सगळी घाई. इंदूताईंचा एक नियम होता. पोर जन्माला आल्याशिवाय त्याचा कपडा कापायचा नाही. आपल्यात आधी करत नाहीतच, पण आता लोक मानत नाहीत आणि दुकानदार तर मुळीच नाही. या मानायच्या. वैशाली नगरची एक श्रीमंत बाई मोठ्या गाडीतून आली. सुनेला सातवा चालू होता, तिला सगळा बाळंतविडा आधीच हवा होता, पैसे आगाऊ. इंदूताईंनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आधी पोर, मग टोपडं. नर्सच्या हातात रडलं की मला फोन करा, मी त्याच दिवशी कापायला घेते." बाई रागावून गेली. जाताना म्हणाली, असा धंदा चालत नाही. पुढे तिला नातू झाला, तेव्हा फोन आलाच. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या बसलो होतो.

म्हणून सांगते, आमचं काम साठवून ठेवायचं नव्हतं. ऑर्डर आली की बारशाच्या आत कपडा पोचायला हवा. चार दिवस दुकान बंद म्हणजे चार दिवसांत जन्मलेली सगळी पोरं गेली. ती काही पुढच्या महिन्यात पुन्हा जन्मत नाहीत.

दुसरा नियम पाण्याचा. नवं कापड आलं की आधी भिजवायचं, खळ काढायची, वाळवायचं, मगच कात्री. बाळाच्या अंगाला खळ टोचते, आणि न भिजवता शिवलेलं झबलं पहिल्या धुण्यात आटून बाहुलीचं होतं. कितीही घाई असली तरी यात सूट नव्हती. एकदा सांगानेरचा एक नवा छापणारा लाल बुट्ट्यांचं मलमल घेऊन आला. रंग पक्का आहे, भिजवायची गरज नाही, म्हणून शपथा घेत होता. पांढराशुभ्र कुडता घालून आला होता. इंदूताईंनी कापडाचा कोपरा टबात बुडवला, पिळला आणि त्याला म्हणाल्या, गळ्यात गुंडाळा आणि माझा चहा प्या. बिचारा लाजेने नाही म्हणू शकला नाही. चहा संपला तेव्हा कॉलर गुलाबी झाली होती. तो स्वतःच हसायला लागला. नंतर त्याच्याकडूनच आम्ही कापड घेतलं, कारण त्याला कळलं होतं की ही बाई बघते.

कापडाच्या बाबतीत अशी बाई, आणि कागदाच्या बाबतीत पार भोळी. हे मला कधी समजलं नाही. नवरा बँकेतला, म्हणून असेल. छापलेला कागद, वर शिक्का, खाली सही, कोणी हातात आणून दिलेला, की त्यांच्या लेखी तो खरा. आणि बिल आलं की दिवेलागणीच्या आत चुकतं झालं पाहिजे. घरात बिल ठेवून दिवा लावायचा नाही, असं त्यांच्या सासूने त्यांना शिकवलं होतं म्हणे. नवऱ्याच्या तेराव्याला मंडपवाला अजून बांबू सोडत होता, तर या बाहेर येऊन त्याच्या हातात पैसे ठेवायला लागल्या. तो घाबरला. त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. आतून दोन नातेवाईक त्यांना धरायला धावले. या म्हणाल्या, "मला काय धरता? त्याला धरा, तो पैसे घेत नाही."

हीच सवय त्या चोरांच्या कामी आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही हे तेव्हाच कळलं. मोबाइलवरच्या दुकानाला जे नाव असतं ते आपलं नसतं, भाड्याचं असतं. एका कंपनीकडे ते आपल्या नावाने लिहिलेलं असतं आणि दर वर्षी तिला भाडं द्यायचं. नाही दिलं तर दुकान दिसेनासं होतं. आणखी काही दिवस गेले की नाव मोकळं होतं आणि कोणीही उचलतं. आता कुठलं नाव केव्हा संपतं, हे कोणालाही बघता येतं. म्हणून काही लबाड लोक काय करतात, मुदत जवळ आली की स्वतःच्या नावाने बिल पाठवतात. दिसायला अगदी भाड्याचं बिल. दुकानाचं नाव बरोबर, तारीख बरोबर, फक्त पैसे भलतीकडे जातात.

आमच्याकडे ते कुरियरने आलं. जाड कागद, निळी पट्टी, वर गोल चिन्ह. पूनम तेव्हाच म्हणाली होती, आईजी, ये कौन सी कंपनी है, आपली तर दुसरी आहे, आणि पैसे पण जास्त मागतात. इंदूताई म्हणाल्या, महागाई आहे, बिल आलंय, भर. पूनमने भरले. दिवा लावायची वेळ होत आली होती.

पुढे खऱ्या कंपनीचे आठवण करून देणारे निरोप मोबाइलवर यायला लागले. मुदत संपते आहे, भाडं भरा. पूनमने वाचून दाखवले. यावर इंदूताईंनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. ज्याने कागद पाठवला तो साव, आणि ज्याने नुसता मोबाइलवर निरोप धाडला तो चोर, असा त्यांनी निकाल लावला. म्हणाल्या, आपण पैसे भरलेत, पावती फडताळात आहे, हे भामटे पुन्हा मागतात. उत्तर देऊ नकोस. पूनमने नाही दिलं. सासूचा शब्द मोडायची तिची रीत नव्हती. अशा रीतीने चोराला पैसे मिळाले, सावाला दार बंद झालं आणि नाव गेलं.

तर त्या दिवशी फोन बंद करून इंदूताईंनी तो कागद टेबलावर पसरला. बारीक टाके बघायचं भिंग आणलं आणि कागदावर धरलं. वरून खाली, एकेक ओळ. आम्ही उभ्या. अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं की हे बिल नाही, आमची सेवा घ्यावी म्हणून केलेली विनंती आहे, पैसे भरायचं बंधन नाही. इंदूताईंनी ते मोठ्याने वाचलं, मग आम्हाला मराठीत सांगितलं, मग हसीनाला हिंदीत. तीनदा. आवाज कुठे हलला नाही. मग भिंग खाली ठेवलं आणि सुनेकडे वळल्या.

"तू विचारलं होतंस. मी ऐकलं नाही. काय बोलायचं ते बोलून घे."

पूनम म्हणाली, "नंतर बोलते, आईजी. आधी साइट."

त्या पोरीचा हात तोवर मोबाइलवर चालूच होता. कुठलं नाव कोणत्या कंपनीकडे लिहिलेलं आहे हे फुकट बघता येतं, ते तिने काढलं. कंपनी जुनीच निघाली, जिच्या निरोपांना आम्ही उत्तर दिलं नव्हतं तीच. तिचा नंबर पूनमने कागदावरून नाही, निरोपातूनही नाही, पहिल्या वर्षीच्या पावतीवरून घेतला. फोन लागायला बराच वेळ गेला. वाट बघताना तिकडून बाजा वाजत होता, हसीना म्हणाली, यांच्याकडे लग्न आहे वाटतं. अखेर एक मुलगी बोलली. नाव अजून मोकळं झालेलं नव्हतं. मुदतीनंतर काही दिवस ते मूळ मालकासाठी राखून ठेवतात. भाडं भरा, थोडा वेळ लागेल, दुकान परत दिसेल. दुसरी कुठली पार्टी वगैरे काही नव्हती.

पूनम पैसे भरायला निघाली, तर इंदूताई म्हणाल्या, थांब. आम्हाला वाटलं, आता यांना काय झालं. त्यांनी त्या मुलीला पुन्हा विचारायला लावलं की आमचं नाव तुमच्या वहीत कोणाच्या नावाने आहे, शेवटचे पैसे केव्हा आले. सगळं जुळलं, तेव्हा मान हलवली. सुरुवातीला सांगितलेली चारची वेळ केव्हाच टळली होती. त्या साखरेच्या माणसाचे फोन येत होते, एकामागून एक. इंदूताईंनी शेवटचा उचलला आणि मराठीत सांगितलं, "मी टाळं लावायला शिकले. आता दुसरं घर बघा." त्याला काही कळलं नसेल. आम्हाला कळलं.

इथवर कोणीही केलं असतं. खरी इंदूताई दुसऱ्या दिवशी दिसली.

मुलगा अभय सीतापुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. स्वभावाने गरीब, पण आईच्या दुकानाची त्याला लाज वाटायची. नाव गेलं त्याच संध्याकाळी येऊन बसला आणि समजावायला लागला. आई, मतलब किती दिवस करणार तू हे. वय झालं. आज हे, उद्या अजून मोठं काहीतरी होईल. बंद करून टाकू ना. आणि हे बाहेर कोणाला सांगू नकोस, सोसायटीत लोक हसतील, की आयटीवाल्याची आई फसली.

इंदूताई पोळ्या करत होत्या. त्या वळल्या नाहीत.

"दुकान मी बंद करीन, मला कंटाळा आला की. चोराने सांगितलं म्हणून नाही आणि तू सांगितलंस म्हणूनही नाही."

सकाळी उठून त्यांनी तो कागद हातात घेतला आणि गल्लीतून निघाल्या, मला बरोबर घेऊन. मला का, तर मी सोडाल्यात सगळ्यांना ओळखते. प्रत्येक दुकानात जायचं, कागद दाखवायचा आणि म्हणायचं, मी फसले, तुम्हाला असा आला होता का? मी अनेक वर्षं माणसं बघितलीत, पण मी फसले हे वाक्य इतक्या सरळ आवाजात कोणी म्हटलेलं ऐकलं नव्हतं. जणू भाव विचारत होत्या. जुत्यांच्या दुकानातला म्हणाला, नाही जी, आम्ही हुशार आहोत. रजयांवाला म्हणाला, अशा गोष्टी बायकांच्या बाबतीत होतात. इंदूताई म्हणाल्या, असेल, आणि पुढच्या दुकानात गेल्या. कोणाकडेच आला नव्हता. सगळ्या सोडाल्यात फसलेली एकटी इंदूताई. मला ते खरं वाटेना. त्यांनाही वाटलं नाही.

परत येताना मी म्हटलं, हसतायत लोक. त्या म्हणाल्या, हसू देत, दात तपासून होतात.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच गिरधारीजी दारात. लाखेच्या बांगड्यांचे व्यापारी, वयस्कर माणूस, पांढऱ्या मिशा, गल्लीत मान मोठा. काल यांनीच सगळ्यांत जोरात मान हलवून नाही सांगितलं होतं. आज इकडे-तिकडे बघत आत आले आणि कुडत्याच्या आतून निळ्या पट्टीचे कागद काढले. ते सलग काही वर्षं भरत आले होते. जावयाने बांगड्यांची साइट करून दिली होती, तिची ऑर्डर येणं केव्हाच थांबलं होतं. त्यांना वाटत होतं, लाखेच्या बांगड्यांचे दिवस गेले. पूनमने तिथेच बघितलं. त्यांचं नाव कधीच दुसऱ्याने उचललं होतं. तिथे आता भलत्याच कोणाचं काहीतरी दिसत होतं.

गिरधारीजींनी कागदांची घडी घालून ते परत कुडत्याच्या आत सरकवले. मग म्हणाले, "बहनजी, किसी को बताना मत."

मला वाटलं, इंदूताई आता हळव्या होतील. कोणीही झालं असतं, म्हाताऱ्याचा चेहरा तसा झाला होता. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बताऊंगी. तुमचं नाव नाही घेणार, पण गोष्ट सांगणार. तुम्ही गप्प, मी गप्प, म्हणून ते दर वर्षी येतात. भाईसाब, शरम उनको आनी चाहिए. आपण का वाहायची?"

गिरधारीजी रागावून निघून गेले. पुष्कळ दिवस बोलले नाहीत.

इंदूताईंनी दुकानाबाहेर पुठ्ठा लावला. हिंदीत, मोठ्या अक्षरात, पूनमकडून लिहून घेतलेला. या दुकानाला वेबसाइटच्या नावाचं खोटं बिल देऊन ठगलं. तुमच्याकडे असा कागद आला असेल तर पैसे देण्याआधी आत या. शेजारी तो निळ्या पट्टीचा कागदही चिकटवला, तळाच्या ओळीवर लाल वर्तुळ करून. अभयने दोनदा काढायला सांगितलं. एकदा त्याने स्वतःच काढला, तर दुसऱ्या दिवशी पुठ्ठा आधीपेक्षा मोठा. त्यानंतर त्याने हात लावला नाही.

पोलिसांच्या सायबर शाखेतही गेल्या. तिथला तरुण माणूस आदबीने बोलला. म्हणाला, माताजी, पैसे परत मिळणं अवघड आहे, तळाला त्यांनी लिहूनच ठेवलंय की हे बिल नाही. इंदूताई म्हणाल्या, पैसे मी मागितलेच नाहीत. माझी तक्रार लिहा. माझ्यानंतर जो येईल त्याला तुम्ही असं सांगू नये की पहिलीच वेळ आहे. त्याने लिहून घेतली. पैसे आले नाहीत ते नाहीतच.

पण माणसं आली. आधी चोरपावलांनी. जुत्यांवाल्याची बायको आली, नवरा जेवायला गेल्यावर. रजयांवाल्याचा भाऊ आला. कोणी म्हणे, मित्राचा कागद आहे. इंदूताई म्हणायच्या, मित्राला बसायला सांगा. कागद घ्यायच्या, भिंग लावायच्या, तळाची ओळ वाचायच्या. मग पूनम बघायची की नाव खरं कुठे लिहिलेलं आहे, मुदत केव्हा, आणि ते ज्याचं त्याला मोबाइलमध्ये नोंदवून द्यायची. काहींचे पैसे जायचे वाचले, काहींचे आधीच गेलेले. शेवटी गिरधारीजीही आले. ते आले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, मैं भी फँसा था. एवढंच. इंदूताईंनी त्यांना पूर्ण कप चहा दिला. मी त्या खोलीत इतकी वर्षं काढली, मला कधी पूर्ण मिळाला नाही.

आमच्या दुकानातली रीत मात्र कायमची बदलली. इंदूताईंनी सासूचा नियम मोडला. खोलीत झबली वाळत घालायची दोरी होती, तिच्या टोकाला त्यांनी चिमटे लावले. कुठलंही बिल आलं की आधी तिथे लटकवायचं. कोणी मागवलं होतं, कोणाकडून आलं, याच लोकांना मागच्या वर्षी दिले होते का, हे पूनम बघणार आणि कागदावरच्या नंबरला फोन न करता आपल्याकडच्या नंबरला करणार. मग पैसे. पहिल्या संध्याकाळी विजेचं बिल दोरीवर लटकत असताना त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि मागे वळून दोरीकडे बघितलं. म्हणाल्या, चंद्राबाई, मला चोरी केल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, सवय होईल. झाली.

यानंतर आणखी काही वर्षं त्या होत्या. कान गेले, पण आवाज गेला नाही. त्यामुळे आता त्या स्वतःही मोठ्याने बोलायच्या आणि सगळ्या गल्लीला आमचे भाव पाठ झाले होते. अभयने पुन्हा दुकान बंद करायचं नाव काढलं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पूनमच्या स्कूटरवर. सांगानेरला कापड बघायला निघाल्या होत्या. पूनम म्हणत होती, आईजी, मी एकटी जाते, थंडी आहे. या ऐकेनात. स्वेटरवर शाल, शालीवरून मफलर, मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. ते मोठे पाय रस्त्याला टेकतील असं वाटत होतं. कोपऱ्यावर एक मोटारवाला वाकडा आला, त्याला त्यांनी मराठीत काहीतरी सुनावलं. त्याने काच खाली केली. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. स्कूटर पुढे गेली.

त्या आठवड्यातच गेल्या. झोपेत. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी नव्हते तिथे.

आता दुकानाचं नाव त्या कंपनीकडे पूनमच्या नावाने लिहिलेलं आहे. निळ्या पट्टीचा कागद अजून येतो. बाहेरचा पुठ्ठा उन्हाने फिका पडला की पूनम नवा लावते. ज्या दिवशी नाव गेलं, त्या दिवशी खोलीत पूनम होती, हसीना होती, मी होते आणि इंदूताई होत्या. इंदूताई नाहीत. आम्ही तिघी आहोत आणि दुकान चालू आहे.